नाही म्हणण्याची ऐपत

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे २,५०० रुपये. आयकरावर घरोघर चर्चा झडतात, या कपातीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. १९७५ साली हा कर लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात नोकरीधंदा करणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि खेड्यात जो मागेल त्याला काम द्यायचं, असा तो हिशेब होता. आज ‘रेवडी’वर तावातावाने बोलणाऱ्या अनेकांना आपण अशा एका हमीचे हप्ते वर्षानुवर्षं भरत आलो आहोत, याचा पत्ताही नसतो.

त्यांच्या बोलण्याची टिंगल करावी असं मला वाटत नाही. त्यामागे एक जुना आणि गंभीर आक्षेप आहे. भाषणाचं, धर्माचं, संचाराचं स्वातंत्र्य मला मिळावं म्हणून इतरांनी काही द्यावं लागत नाही, त्यांनी फक्त माझ्या वाटेत येऊ नये एवढंच पुरतं. काम, अन्न, पेन्शन यांचा हक्क मात्र कुणाच्या तरी खिशातून निघतो. तो पुरवायला सरकारला एकाकडून घ्यावं लागतं, दुसऱ्याला द्यावं लागतं, आणि देता-घेता सरकार इतकं मोठं होतं की दोघांचंही स्वातंत्र्य त्याच्या मुठीत जातं. म्हणून लोकशाहीने माणसाला मोकळं सोडावं, पोसू नये.

यातला पैशाचा मुद्दा फारसा टिकत नाही. जमीनमालकाचा सातबारा तलाठी सांभाळतो, त्याच्या बांधाचं भांडण न्यायालय सोडवतं, चोरी झाली तर पोलीस येतात. हे सगळं सार्वजनिक खर्चानेच चालतं आणि त्यात भूमिहीनाने काडेपेटीवर भरलेला करही असतो. मालमत्तेचा हक्क फुकट आणि मजुरीचा हक्क खर्चिक, हा हिशेब कुणी मांडला यावर बरंच अवलंबून असतं. आक्षेपाचा दुसरा भाग, देणाऱ्याच्या मुठीचा, तो मात्र मला खरा वाटतो. हक्कांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो जितका गंभीरपणे घ्यायला हवा होता तितका घेतलेला नाही, असंही माझं मत आहे.

रोजगार हमीची गोष्ट सांगलीच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरपासून सुरू होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिथे १९६५ च्या सुमारास हा प्रयोग केला. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही ग्रामीण कामांमधून गरिबाच्या हाती मजुरी देण्याचाच मार्ग सुचवलेला होता. मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या बोलण्यात आजही मिलो आणि सुकडी येते, खडी फोडल्याचे घट्टे येतात. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. धान्याचं उत्पादन कोसळलेलं असूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, कारण लोकांच्या हाती मजुरी होती. पुढे १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी दुष्काळांवरच्या पुस्तकात हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली. धान्य असतानाही माणसं मरतात, कारण त्या धान्यावर त्यांचा काही हक्क पोहोचत नाही.

तरी मला दुष्काळी कामं आणि रोजगार हमी यांतला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. दुष्काळी काम ही इंग्रजांच्या दुष्काळ संहितेपासून चालत आलेली रीत. पीक किती बुडालं हे आणेवारीवरून सरकार ठरवणार, टंचाई सरकार जाहीर करणार, काम कुठे आणि कधी काढायचं हेही सरकारच सांगणार. माणूस उपाशी आहे की नाही हे त्याला विचारायची सोयच त्या रीतीत नव्हती. १९७७ साली विधिमंडळाने एकमताने मंजूर केलेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या कायद्याने हा क्रम उलटा केला. मजुराने नमुना चार भरायचा, त्याची तारखेसह पोच घ्यायची, आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. दुष्काळ पडला आहे की नाही हा प्रश्नच मागे पडला. ‘मला काम हवं’ एवढं म्हणणं पुरेसं ठरलं.

ती पोच मिळवण्यासाठी महाराष्ट्रात किती मोर्चे निघाले असतील, याची मोजदाद कुणाकडे नाही. अर्ज घ्यायला ग्रामसेवक नाखूश नसतो, पोच द्यायला असतो. अर्ज घेतला म्हणजे उपकार केल्यासारखं होतं आणि पोच दिली की स्वतःवरच जबाबदारी येते. एका चिठोऱ्यावरच्या तारखेने नागरिक आणि सरकार यांचं नातं असं बदलतं, हे शहरात बसून स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

योजनेचा गावात काय परिणाम झाला हे बागायतदारांच्या तक्रारीवरून सगळ्यात नेमकं कळतं. रोजगार हमी आली आणि शेतावर मजूर मिळेनासे झाले, ही ती तक्रार. ती अतिशयोक्त होती, कारण हमीच्या कामावरची मजुरी बेताचीच ठेवलेली होती आणि काम उघडायला किमान ५० मजूर लागत. योजनेने बांधलेले पाझर तलाव आणि नालाबंडिंग यांचा फायदाही शेवटी जमीनवाल्यांनाच झाला, हे काही अभ्यासकांनी दाखवलं आहे आणि विधिमंडळातल्या एकमताचं रहस्यही बहुधा त्यातच असावं. पण तक्रार निराधार नव्हती. कामावर निम्म्याच्या आसपास बाया असत. ज्या बाईला पाटलाच्या शेतावर तो देईल त्या मजुरीवर, तो सांगेल त्या वेळेपर्यंत आणि तो बोलेल ते ऐकून घेत राबावं लागे, तिला पाच-सात किलोमीटरवर दुसरं काम आहे हे माहीत झालं. ती तिकडे गेली किंवा न गेली, पाटलाच्या बोलण्याचा सूर बदलायला एवढं पुरलं. अशा बाईच्या दृष्टीने व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ मला हाच दिसतो. कुणाला तरी ‘नाही’ म्हणता येणं आणि तरीही संध्याकाळी चूल पेटणं.

प्रत्येक आर्थिक हक्काने अशी ऐपत वाढते असं मात्र नाही, आणि याचं उदाहरण शोधायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही. महार वतन हा पिढीजात आर्थिक हक्कच होता. इनामाची हाडकी-हाडोळ्याची जमीन, गावाकडून बलुतं, सरकारकडून किरकोळ रक्कम. कुणी हिरावून घेणार नाही अशी, कायद्याने राखलेली मिळकत. १८७४ च्या वतन कायद्याने ती राखली आणि तिच्या बदल्यात महाराचा चोवीस तासांचा वेळ गावाला आणि सरकारी अंमलदारांना बांधून दिला. निरोप पोहोचवणं, वसुलीला लोकांना बोलावणं, साहेबाच्या घोड्यामागे धावणं. स्वतः वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. वतन घेतलं की नकार देण्याचा अधिकार संपला.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यात त्यांनी वतनाचं सरसकट विसर्जन मागितलं नव्हतं, हा बारकावा महत्त्वाचा आहे. बलुत्याचं रोख कराच्या रूपात रूपांतर करावं, ज्याला सेवेतून मोकळं व्हायचं असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवावी, राहील त्याची कामं ठरवून दिलेली असावीत, असा त्यांचा रोख होता. म्हणजे मिळकत सोडायची नव्हती, तिच्यात गुंफलेली वेठ तोडायची होती. सरकारला ते परवडणारं नव्हतं, कारण फुकटात मिळणाऱ्या नोकरांना मग पगार द्यावा लागला असता. १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं. वतनं प्रत्यक्षात संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकाअखेरच्या कायद्याने.

याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवायला ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं तेव्हा आर्थिक हक्क संविधानातच लिहावेत असा आग्रह धरला. तिथला युक्तिवाद आजही कुठल्याही अर्थशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवावा असा आहे. बेकार माणसाला नोकरी देऊ केली, पण कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायचं नाही, तोंड उघडायचं नाही अशा अटी घातल्या, तर तो काय निवडेल? उपासमारीच्या भीतीने तो आपले मूलभूत हक्क स्वतःच्या हाताने सोडून देईल. राज्याने हस्तक्षेप करू नये असं ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, ते घरमालकाचं भाडं वाढवण्याचं आणि मालकाचं मजुरी पाडण्याचं स्वातंत्र्य असतं, असंही त्यांनी तिथे मांडलं आहे. वतनातली वेठ नाकारणारे आंबेडकर आणि आर्थिक हक्क मागणारे आंबेडकर यांत विसंगती दिसत असेल तर ती आपल्या चौकटीची अडचण आहे. दोन्ही ठिकाणी त्यांची कसोटी एकच. ही मिळकत हाती आल्यावर माणूस नकार द्यायला जास्त समर्थ होतो की कमी?

संविधानाने त्यांचा आग्रह अर्धाच मानला. कामाचा हक्क अनुच्छेद ४१ मध्ये आला, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आणि न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा भागात. पुढे न्यायालयांनी ती भिंत काही ठिकाणी ओलांडली. १९८२ च्या एशियाड प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठापुढे दिल्लीत स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांचा प्रश्न होता. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर कुणी आपखुशीने राबत असेल तर ती सक्ती कशी, असा सवाल होता. न्यायालयाने उत्तर दिलं ते असं, की भुकेने पर्याय उरू दिला नसेल तर तीही सक्तीच आणि अनुच्छेद २३ ने बंदी घातलेली वेठबिगारीच. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांनाही हाच न्याय लागू झाला, म्हणजे खुद्द सरकारच वेठ घेत असल्याचं ठरलं. करारस्वातंत्र्याच्या पाठ्यपुस्तकी कल्पनेला आपल्या न्यायव्यवस्थेने दिलेला याहून मोठा धक्का मला माहीत नाही.

बीडच्या ऊसतोडीकडे या नजरेने पाहिलं की तो निकाल अजून अंमलात यायचा आहे हे कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, कागद होतो, सह्या होतात. सगळं कायदेशीर, सगळं आपखुशीचं. मग दिवाळीच्या आगेमागे सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याची वाट, आणि उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने उसाच्या फडात. आजारपणाने दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली, तेव्हा पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही हे कारण अनेक बायांच्या तोंडून बाहेर आलं. या बाईने कुणाशी केलेला करार स्वतंत्र होता? तिच्या गावात हमीचं काम वेळेवर आणि वेळेवर मजुरी देणारं असतं, तर ती उचलीला हात लावण्याआधी निदान विचार करू शकली असती. तिच्या लेकीच्या लग्नाला किंवा सासऱ्याच्या दवाखान्याला एकरकमी पैसा लागतो आणि तो देणारा मुकादमच असतो, हे खरं आहे. म्हणून रोजगार हमी एकटी पुरत नाही, गावातला दवाखानाही लागतो.

आता देणाऱ्याच्या मुठीकडे वळतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला. वर्षभराने आधारचा निकाल आला. बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. रेशन, पेन्शन आणि अशा सगळ्या सरकारी लाभांसाठी मात्र ती कायम राहिली. यातून जे घडलं त्याचा पुरेसा बोभाटा झाला नाही. ज्याला सरकारकडून काही नको त्याला अंगठा न देण्याचं स्वातंत्र्य मिळालं, आणि ज्याला महिन्याचं पाच किलो धान्य हवं त्याने ते स्वातंत्र्य दुकानाच्या दारात सोडून आत यायचं. घट्टे पडलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, तेव्हा तर धान्यही जातं. खासगीपणाचा हक्क असा मिळकतीप्रमाणे वाटला गेला. विरोधी निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड एकटेच होते. त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं लिहिलं होतं, हा योगायोग नोंदवण्यासारखा. त्या खटल्यातही हक्क मान्य झाला होता आणि झोपड्या हटवायला परवानगीही मिळाली होती.

लाडकी बहीण योजनेचं चित्र याहून गुंतागुंतीचं आहे. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ती आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. या रकमेला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. स्वतःच्या नावावरच्या खात्यात, नवऱ्याच्या हातातून न येणारा पैसा म्हणजे काय हे ज्यांच्याकडे तो कायमच होता त्यांना कळणं अवघड आहे. औषधाला, माहेरी जायच्या एसटीला, मुलीच्या वहीला कुणाकडे हात पसरावा लागला नाही, तर घरातल्या घरात नकार द्यायची थोडी ऐपत येतेच.

पण ही योजना कायद्याने आलेली नाही, शासन निर्णयाने आली. शासन निर्णय ज्या टेबलावर निघतो त्याच टेबलावर बदलतो. निवडणुकीआधी अर्ज सढळ हाताने मंजूर झाले, निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली. २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि तिच्यात बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला गेला. जिला नवऱ्याने टाकलं आहे तिने तो ओटीपी कुठून आणायचा? जो पैसा नवऱ्याच्या परवानगीशिवाय येतो म्हणून मोलाचा होता, त्याच्या दारावर सरकारने नवऱ्यालाच नेऊन उभं केलं. आणि नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात कोल्हापूरला एका खासदाराने योजनेचे पैसे घेऊन विरोधकांच्या सभेला जाणाऱ्या बायकांचे फोटो काढायला सांगितलं, हे सगळ्या राज्याने ऐकलं. नंतर त्यांनी माफी मागितली. पण अशी गोष्ट बोलता येते असं त्यांना वाटलं, कारण पैसा पक्षाचा आहे हा समज त्या मंडपात सगळ्यांचाच होता. रोजगार हमीच्या कामावरच्या मजुराचा फोटो काढून त्याची हजेरी कापू असं कुणी म्हणालं असतं, तर त्या मजुराकडे निदान कायद्याचा कागद असता.

आर्थिक हक्कांचे विरोधक हायेकचं नाव घेतात तेव्हा मला एक गंमत वाटते. १९४४ च्या ‘द रोड टू सर्फडम’मध्ये हायेकने सर्वांना किमान अन्न-वस्त्र-निवाऱ्याची हमी देण्याला विरोध केलेला नाही, उलट ती संपन्न समाजाला परवडते असंच म्हटलं आहे. त्याची भीती होती ती मर्जीची. कुणाला किती द्यायचं हे अधिकाऱ्याने माणूस पाहून ठरवणं. फ्रीडमननेही ऋण आयकराची कल्पना मांडली ती याच कारणाने. ही मंडळी आज महाराष्ट्रात असती तर रोजगार हमी कायद्याच्या पोचेवर त्यांनी आक्षेप घेतला असता की शासन निर्णयाच्या ओटीपीवर, याचा आपल्याकडच्या हायेकभक्तांनी विचार करावा.

मराठीत या बाजूचा सगळ्यात समर्थ आवाज अर्थात शरद जोशींचा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत त्यांनी अनुदानाच्या राजकारणावर जेवढा प्रहार केला तेवढा कुणी केला नाही. सरकार निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी यांनी शेतमालाचे भाव पाडतं आणि मग कर्जमाफीचा तुकडा टाकतं, ही त्यांची मांडणी आजही लासलगावला जाऊन खोडून दाखवणं कठीण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती लोकसभा निवडणूक चालू असताना मे २०२४ मध्ये उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटी लावून. ज्याचा भाव सरकारने पाडला त्याला पुन्हा सरकारकडेच भरपाई मागायला लावणं, हा नागरिकाचा अपमान आहे. इथे मी जोशींच्या बाजूला आहे.

माझी वाट त्यांच्यापासून बांधावर वेगळी होते. बांधाच्या आतल्या माणसाकडे विकायला माल आहे, म्हणून त्याला बाजार मोकळा करणं हेच स्वातंत्र्य ठरू शकतं. बांधाबाहेरच्या बाईकडे विकायला फक्त दोन हात आहेत आणि ते आज विकले नाहीत तर उद्यासाठी साठवून ठेवता येत नाहीत. कांदा चाळीत ठेवता येतो. शेतमालाला भाव मिळाला की मजुरीही वाढेल, असं शेतकरी आंदोलनात म्हटलं जाई. काही प्रमाणात ती वाढतेही. पण आपोआप नव्हे. देणाऱ्याला दुसरा मजूर मिळणार नसेल आणि घेणारीला दुसरं काम मिळणार असेल, तेव्हाच ती वाढते. ‘घामाचे दाम’ ही घोषणा शेतमजुराच्या तोंडी आली की ती बांधावरच्या मालकाकडेच वळते, आणि त्या प्रसंगाला शेतकरी चळवळीने कधी पुरेसं तोंड दिलं नाही.

हक्क काढून घेण्यासाठी कायदा रद्द करावा लागतोच असं नाही. १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर वाढले आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही वाढली. मजुरी वाढली तर कामावरची माणसं वाढायला हवी होती. त्यानंतर प्रत्यक्षात काम हवं असूनही ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, असा निष्कर्ष या योजनेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी काढला. हमी कागदावर तशीच राहिली, कामं मात्र कमी उघडली जाऊ लागली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यानंतरही हेच डावपेच वेगळ्या रूपात दिसले. मजुरी महिनोन्महिने थकवायची, म्हणजे मजूर आपणच यायचा थांबतो. पश्चिम बंगालमध्ये भ्रष्टाचाराचं कारण देत केंद्राने मार्च २०२२ पासून निधीच रोखला. घोटाळा झाला असेल तर घोटाळा करणाऱ्याला शिक्षा व्हावी. तिथे ती मजुराला झाली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ झाले, आणि बातम्यांत बहुतेक ठिकाणी तेवढंच ठळक छापून आलं. आतल्या तरतुदी वेगळं सांगतात. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत असे, आता बहुतेक राज्यांना ४० टक्के द्यायचे आहेत. पूर्वी मागणीप्रमाणे पैसा यायचा असा निदान नियम होता, आता कोणत्या राज्याला किती हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापुढचा खर्च राज्याचा. काम मागणाऱ्याच्या तारखेवरून सुरू होणारी गोष्ट पुन्हा देणाऱ्याच्या अंदाजपत्रकावरून सुरू होऊ लागली आहे. आणेवारीच्या जमान्याची मला यात चाहूल लागते.

त्याहून मला खटकते ती पेरणी-कापणीच्या काळात वर्षातून एकूण साठ दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद. दोन एकर सोयाबीन असलेल्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. काढणीला मजूर मिळाला नाही आणि मध्येच पाऊस आला तर वर्ष वाया जातं. त्याला मदत करायची असेल तर पेरणी ते कापणीची मजुरी अंशतः सरकारने द्यावी ही मागणी शेतकऱ्यांकडूनच कितीतरी वेळा आली आहे. तिच्यात खोट्या हजेरीचा धोका आहे, तो नाकारून चालणार नाही. तरीही त्या मार्गाने गेलं तर बाईपुढे दोन कामं राहतात आणि त्यांतलं कुठलं घ्यायचं हे तीच ठरवते. साठ दिवसांच्या बंदीत दुसरं काम कायद्यानेच काढून घेतलेलं असतं, आणि तेही नेमक्या त्या आठवड्यांत, जेव्हा तिच्या दोन हातांना वर्षातला सगळ्यात चांगला भाव येऊ शकला असता.